‘दर्शन दिलें’ कीं ‘दिसला’?

तुळजापुराहून परतलेला यात्रेकरू ‘देवीचें दर्शन घेतलें’ असें सांगतो. पण तेथलीच जुनी कथा सांगूं लागला म्हणजे त्याचें क्रियापद बदलतें. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूति हिनें संकटांत धांवा केला, देवी त्वरेनें आली, म्हणून ती त्वरिता, व पुढें तुळजा. येथें देवीनें दर्शन ‘दिलें’. घेणें भक्ताकडे, देणें देवतेकडे. श्रोत्यांनीं हीं दोन क्रियापदें ध्यानांत ठेवावीं.

ग्रीक बायबलांत हा भेद एकाच क्रियापदाच्या दोन रूपांनीं साधतो. ‘होराओ’ म्हणजे पाहणें. त्याचें कर्मणि भूतकाळी रूप ‘ओफ्थी’. परमेश्वर अब्राहामाच्या दृष्टीस पडला, तेथें इब्रीवरून भाषांतर करणाऱ्यांनीं हेंच रूप योजिलें. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, पंधराव्या अध्यायांत, पुनरुत्थित ख्रिस्ताविषयीं तें चार वेळां येतें. उलट नवव्या अध्यायांत तोच पौल आपण प्रभूला पाहिलें असें सरळ कर्तरि प्रयोगांत म्हणतो. ‘ओफ्थी’च्या वाक्यांत पाहणारा कर्ता राहत नाहीं, चतुर्थींत जातो. मराठीला हें आयतेंच साधतें: केफाला दिसला.

मग अधिक भारदस्त असें ‘दर्शन दिलें’ कां लिहूं नये? कारण मूळ शब्द तितका भारदस्त नाहीं. प्रेषितांच्या कृत्यांत, सातव्या अध्यायांत, दोघे भाऊबंद भांडत असतां मोशे त्यांच्यापुढें येतो, तेथेंहि ‘ओफ्थी’च आहे, चमत्कार मुळींच नाहीं. पौलाला दिसलें तें चर्मचक्षूंनीं कीं अंतर्दृष्टीनें, या वादांत पंडित कितीहि झगडोत, एकट्या क्रियापदांतून निवाडा निघत नाहीं. ‘दर्शन दिलें’ लिहिणारा भाषांतरकार तो निवाडा वाचकाच्या आधींच करून टाकतो.

मूळ इब्री व ग्रीकवरून सबंध बायबल मराठींत आणणाऱ्या पंडिता रमाबाई 1922 सालीं वारल्या. ग्रंथ 1924 सालीं निघाला. खेड्यांतल्या बायकांना कळेल असें साधें मराठी लिहावें, हिंदु उपासनेच्या अर्थानें भरलेले संस्कृत शब्द टाळावे, हा त्यांचा कटाक्ष. त्या कसोटीला ‘दिसला’च उतरतो, आणि तोच बरा.

मात्र त्यांत नुकसान आहे. ‘दिसला’ म्हटलें कीं वाटेंत कोणी सहज आढळल्यासारखें वाटतें. अनुभूतीसाठीं देवी आली, तें आपण होऊन येणें त्यांत उरत नाहीं. पौलाला तर तेंच सांगावयाचें होतें. तो ख्रिस्ताला शोधावयास नव्हे, त्याच्या अनुयायांना छळावयास निघाला होता.