माझं नाव दगडू!

मी दगडू. टोपणनाव नाही हं, आधार कार्डावरचं नाव.

शाळेत हजेरीला माझा नंबर आला की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. २०१४ मध्ये 'टाइमपास' आला, मग तर विचारूच नका. गल्लीतली पोरं सिनेमातले डायलॉग माझ्यावरच मारायची. कॉलेजात मी 'डी.' झालो. इन्स्टावरही 'डी.'च. आईचा फोन आला की लांब कोपऱ्यात जाऊन घ्यायचो, कारण ती पलीकडून मोठ्यानं हाक मारायची.

शेवटी राजपत्रात देऊन नाव बदलायचं ठरवलं. घरी सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझ्या आधीची दोन गेली रे. बारसंसुद्धा झालं नाही. म्हटलं, दगडाला कोण नेतंय?"

आपल्याकडे ही जुनी रीत आहे. मूल जगत नसलं की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही, मरण वळून बघत नाही. धोंडू, केरबा, भिकू, कवडू ही सगळी त्याच पंगतीतली. हातात दुसरं काही नव्हतं तेव्हा बायांनी नावाचीच ढाल केली.

मग मला ही माणसं दिसायला लागली. पुण्यात ज्या गणपतीपुढे रांगा लागतात, तो दगडूशेठ हलवाईंचा. 'बलुतं' लिहिणारे दया पवार म्हणजे दगडू मारुती पवार. आणि भारतरत्न महर्षी कर्वे? धोंडो केशव.

पण एक सांगतो. मिळालेलं प्रत्येक नाव मिरवायलाच हवं असं नाही. 'नकुसा', 'नकोशी' ही नावं मुलगी नको होती म्हणून ठेवलेली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींनी सरकारी कार्यक्रमात नवी नावं घेतली. झकास केलं! त्यांच्या नावात 'तू नको' होतं. माझ्या नावात 'तू राहा रे बाबा' आहे.

राजपत्राचा फॉर्म मी भरला नाही. ऑफिसात कुणी विचारतं, "शॉर्टमध्ये काय म्हणू?" मी म्हणतो, "दगडूच म्हण. तीन तर अक्षरं आहेत."

तुमच्या नावाचीही काही गोष्ट असेल. घरातलं म्हातारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. ऐकल्यावर ते नाव ठेवायचं की बदलायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

चला, भेटू पुढच्या भागात!