पावसाआधीची छाटणी

कोकणात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून घराभोवतीच्या आंब्या-फणसाच्या सुक्या, किडक्या आणि कौलांवर टेकलेल्या फांद्या पावसाआधीच उतरवाव्यात. भर पावसात केलेला घाव लवकर सुकत नाही, त्यात बुरशी शिरते.

जाड फांदी एका दमात तोडू नका. ती आपल्याच वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. आधी खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने अर्धवट काप द्या. त्याच्या थोडं पुढे वरून कापून भार उतरवा. उरलेला खुंट शेवटी काढा, पण खोडालगतचा फुगीर भाग राखा. घाव झाकणारी नवी साल तिथूनच वाढते. कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. मोरचूद धातूच्या भांड्यात भिजवू नका.

वादळाच्या धास्तीने अख्खा शेंडाच उडवलेली झाडं पाहिली की जीव हळहळतो. तिथून फुटणारे धुमारे कच्च्या जोडाचे असतात, पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. त्यापेक्षा आतली दाटी विरळ करा, वारा झाडातून निघून जाईल. बांडगूळ मात्र फांदीसकट काढा. फांदीवर पक्ष्याचं घरटं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेची परवानगी आधी घ्या. आणि निरोगी पाला जाळू नका, माडाच्या आळ्यात पसरा. त्यामुळे मुसळधार सरींत माती वाहून जात नाही.