मोटारीच्या शेडची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करायची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढे घर आणि संसार. पण गेल्या महिन्यात चिटणीसबाई आमच्याकडे आल्या, सासूबाईंची खोली पाहिली आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला तुम्ही हेच सांगा. निम्म्या जणींच्या घरी असा विचार चाललेला असतो." म्हणून उभी राहिले. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. माझे काही चुकले तर त्या घरी गेल्यावर सांगतीलच!

आमच्या घराला लागून डाव्या अंगाला मोटारीची शेड होती. १० फूट रुंद, १५ फूट लांब. एका बाजूला घराची भिंत, बाकीच्या बाजू मोकळ्या, चार लोखंडी खांब आणि वर पत्रा. मामंजींनी हौसेने करून घेतलेली. २०२१ साली आम्ही गाडी विकली, आणि शेडमध्ये सायकली, जुनी भांडी अन् वाळत घातलेले कपडे राहू लागले.

जानेवारी २०२२ मध्ये सासूबाई पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण जिना बंद झाला, आणि त्यांची खोली तर माडीवर. खाली त्यांची कॉट माजघरात टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्यांना पडून राहावे लागे. लुगडे नीट करायचे तरी आम्ही चादर आडवी धरायची. ज्या बाईने सगळे घर चालवले तिला स्वतःला आडोसा नाही, हे मला बघवेना. मग डोक्यात आले, शेड आहेच की! दोन-तीन भिंती घातल्या की झाली खोली.

एका गवंड्याला बोलावले. तो म्हणाला, "वहिनी, फरशी आहे, पत्रा आहे. बारा दिवसांत खोली देतो." आम्हाला घाई होती, पैसाही कमी होता. त्याने फरशीवरच चार इंची भिंती उभ्या केल्या, एक दार बसवले, रंग दिला. ४६,००० रुपये झाले. एप्रिलमध्ये सासूबाईंची कॉट तिथे गेली. गवंड्याला मी दोष देत नाही. आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

मे महिन्यात पत्र्याने खोली भट्टीसारखी तापली. माजघराची एकुलती खिडकी शेडमध्ये उघडत होती. ती आता खोलीत उघडू लागली आणि माजघरात सकाळी दहालासुद्धा दिवा लावावा लागे. तेवढे आम्ही सोसले. मग पाऊस आला. आपल्या कोल्हापुरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा!

एके दिवशी गादी उन्हाला टाकावी म्हणून उचलली, तर खालून काळी बुरशी. भिंती हातभर उंचीपर्यंत ओल्या, कोपऱ्यात तडा. मी म्हटले, "आत्या, तुम्ही बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुमचा एवढा खर्च झाला, आता कशाला बोलू? आणि चालताना दाराकडे ओढल्यासारखे होते, ते माझ्याच पायाचे असेल म्हटले."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. हळदीकुंकवाला कुणाच्या तरी तोंडून माझ्या कानावर आले होते, "म्हातारीला मोटारीच्या जागी ठेवलंय." तेव्हा मला राग आला होता. गादी उलटी केल्यावर कळले, ते खरेच होते. जागा मोटारीचीच राहिली होती, फक्त भोवती भिंती आल्या होत्या.

कॉट पुन्हा माजघरात आली. यजमानांनी ओळखीच्या एका इंजिनियरांना बोलावले. त्यांनी पाण्याची नळी लावून फरशीची पातळी पाहिली. १५ फुटांत ४ इंच उतार! मोटार धुतलेले पाणी बाहेर जावे म्हणून शेडला तो मुद्दाम ठेवतात. म्हणजे सासूबाईंचा पाय बरोबर होता, फरशीच तिरकी होती. शिवाय मोटार सरळ आत यावी म्हणून शेडची जमीन अंगणाच्या पातळीला असते, आणि घराचे जोते दीड फूट उंच. अंगणातले पाणी दाराखालून येई, आणि जमिनीतली ओल फरशीतून वर चढे. भिंतींना पाया नव्हताच. आमच्याकडे खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरची भिंत तडकते.

मी म्हटले, "मग जमीन दीड फूट उचलू." ते म्हणाले, "पत्रा साडेआठ फुटांवर आहे. दीड फूट उचललात तर सातच फूट उरतील. राहायच्या खोलीला किमान पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी." म्हणजे शेड ठेवून खोली होणार नव्हती. शेड काढूनच करावी लागणार होती.

आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "परवानगी घेतली होती का?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. आपल्याच घराच्या शेडला भिंती घालायला परवानगी कशाला, असे आम्हाला वाटे. पण १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम आहे, त्याप्रमाणे ती लागते, नाहीतर पाडून टाकण्याची नोटीस येऊ शकते. मंजूर नकाशात ती जागा गाडीची म्हणून दाखवलेली. गाडीची जागा चटईक्षेत्रात धरत नाहीत, खोली धरतात. आणि गाडी विकली तरी गाडीची जागा विकून टाकता येत नाही, ती आवारात दुसरीकडे दाखवावी लागते. आमचे चटईक्षेत्र शिल्लक होते, गाडीची जागा पुढच्या अंगणात दाखवता आली, आणि शेड कुंपणापासून पुरेशी लांब होती, म्हणून आम्हाला परवानगी मिळाली. ज्यांची शेड कुंपणाला चिकटलेली आहे, ती बहुधा सोडायच्या सामासिक अंतरात असते. तिथे खोलीची परवानगी मिळणे कठीण. त्यांनी आधी नकाशा काढून बघावा, मग विटांचा भाव विचारावा.

दिवाळीनंतर काम धरले. भिंती पाडताना मला पोटात कालवले, ४६,००० पैकी दार तेवढे कामाला आले. काळी माती संपून घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणला. खांब, जोत्याची पट्टी आणि वर स्लॅब घातला. जमीन उचलायला मुरूम थराथराने घालून, पाणी मारून, धुम्मसाने चोपला. त्यावर दगडी सोलिंग, वाळूचा थर, जाड प्लॅस्टिकचा कागद आणि ४ इंच काँक्रीट. कागदाने खालची ओल अडते. फरशी माजघराच्या फरशीला बरोबर मिळवली, मध्ये उंबरा ठेवला नाही. दार साडेतीन फुटांचे, म्हणजे वॉकर सुखाने जातो. कोपऱ्यात संडास-न्हाणी, धरायला दांडी. माजघराला परसाकडे, वर लिंटल टाकून, नवी खिडकी पाडली. शेड बंद करताना आतल्या खोलीची हवा जाते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

खर्च माझ्या वहीत लिहिलेला आहे, ३,६२,०००. गाडीचे ७०,००० होते, भिशीचे ५०,०००, माझ्या पाटल्या मोडल्या आणि उरलेले पतसंस्थेचे कर्ज. पाटल्यांचे वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही. हात अजून मोकळा वाटतो. घरपट्टीही वाढली.

रस्त्याच्या बाजूची खिडकी सासूबाईंनी मागून घेतली. इंजिनियरांनी विचारले, "आजी, खिडकी केवढी हवी?" त्या म्हणाल्या, "बसल्या बसल्या रस्ता दिसेल एवढी." आमच्या सगळ्या कामात त्यांना कुणी विचारलेले ते पहिलेच. आधीच्या वेळी आम्ही त्यांच्यासाठी धावपळ केली, पण त्यांना विचारले नव्हते. माझी खरी चूक ती. फरशीचा उतार त्यांच्या पायाला आम्हा सगळ्यांआधी कळला होता. आता तुमच्यापैकी कितीतरी जणी बाजारातून येताना त्या खिडकीशी थांबता, भाजीचा भाव सांगता. माजघरातल्या कॉटवर त्यांना हे मिळाले नसते.

जून २०२३ ला पहिला मोठा पाऊस झाला. रात्री मला झोप लागेना. पहाटे बॅटरी घेऊन त्यांच्या खोलीत गेले, तर त्या जाग्याच होत्या, कॉटच्या कडेला बसून तळवा फरशीला लावून पाहत होत्या. मला म्हणाल्या, "कोरडी आहे गं. जा, नीज आता."

घर पाहावे बांधून म्हणतात. आम्ही एक खोली दोनदा बांधून पाहिली. तुमच्यावर ती पाळी येऊ नये एवढ्यासाठी हे सांगितले. आधी नकाशा बघा, मग जमीन बघा, भिंतींचे शेवटी. आणि ज्याच्यासाठी खोली करायची, त्याला सगळ्यांच्या आधी विचारा.