अप-डाऊनमध्ये गेलेलं वर्ष



आत्ता तर दिवाळी झाली होती, लगेच दुसरी आलीसुद्धा! ही तक्रार हल्ली जो-तो करतो. अमरावती-अकोला अप-डाऊन करणाऱ्यांना विचारून पाहा. तीच गाडी, तीच खिडकी, तोच पत्त्यांचा डाव. बडनेरा सुटलं की डोळा लागतो, अकोला आलं की कुणीतरी हलवून उठवतं. वर्षभराच्या त्या जाण्यायेण्यातलं आठवतं काय? फार तर गाडी कुरूमला अडकून पडली होती, तो दिवस.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० सालीच हे लिहून ठेवलं आहे. वय वाढतं तसे दिवस सवयीचे होतात आणि सवयीचे दिवस स्मरणात वेगळे उरत नाहीत. गंमत अशी, की नवं काही करताना वेळ भुर्रकन जातो. तो लांबतो नंतर, आठवताना. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांनी तर माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळीत पडू दिलं. आपलं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त वेळ चाललं, असा त्या पडणाऱ्यांचा अंदाज निघाला. प्रत्यक्ष पडताना मात्र डोळ्यांना एरवीपेक्षा जलद काही टिपता आलं नव्हतं. वेळ ताणला होता तो आठवणीनं.

आपल्याला एवढ्या उंचावरून उडी घ्यायची गरज नाही, बाप्पा! आपल्याच अमरावती-अकोला महामार्गाचं बघा. जून २०२२ मध्ये लोणी ते माना यांदरम्यान एकेरी मार्गिकेच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रात्रंदिवस त्या तापल्या डांबरापाशी राबलेल्यांना ते पाच दिवस जन्मभर पुरावेत. आपण त्यावरून रोज झर्रकन जातो आणि घरी सांगण्यासारखं काही नसतं.

आणि हळू गेल्यानं वेळ लांबतो, असंही नाही. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वेगाडी कमी का संथ होती? पण तिचं कौतुक एकदाच बसलेल्या पाहुण्याला. रोजचा प्रवासी जांभयाच देत असणार.

तेव्हा नवं काही हवं, तर एकदा अकोल्याहून परतताना महामार्ग सोडा. म्हैसांग, दर्यापूर, खोलापूर, वलगाव असे या. वाट थोडी वाकडी करून लासूरचं आनंदेश्वराचं दगडी देऊळ पाहा. हा खारपाणपट्टा आहे. कुणाच्या विहिरीचं पाणी घोटभर चाखा, म्हणजे इथल्या शेतकऱ्याचं दुखणं जिभेला कळेल. पुढे वलगावजवळ पेढी नदी लागते. तिथेच २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. पाच मिनिटं थांबा.

घरी पोचायला उशीर होईल, तेवढा फोन मात्र आधी करून ठेवा.