मैदान राखणाराचे शिक्षण



आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्यांना मिळाल्या, हे योग्यच झाले. मैदान राखणाऱ्याचाही विचार व्हावा, एवढ्यासाठी मी उभा आहे. इंग्लंडात या लोकांनी १९३४ साली आपली संघटना काढली. अमेरिकेतील संघटना १९८१ सालची. ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. पेन्सिल्व्हेनिया स्टेट, मिशिगन स्टेट या विद्यापीठांत हिरवळीचे शास्त्र रीतसर शिकवितात. हसू नका! पायांखाली माती दबली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळे वरच राहतात आणि गवत मरते. मग पडलेल्या मुलाचे डोके दगडासारख्या जमिनीवर आपटते. म्हणून तेथे पोकळ दात्यांनी जमिनीतून मातीच्या कांड्या काढतात, वर वाळू पसरतात, ठराविक वजन टाकून कठीणपणा मोजतात. आपल्याकडे रोलर फिरविला की काम झाले! क्रिकेटच्या खेळपट्टीला तो हवाच. फुटबॉलच्या मैदानाला तोच मारक.

माझी मागणी लहान आहे. महोत्सवाच्या निधीतून एका होतकरू तरुणाला कृषी महाविद्यालयात शिकवावे, पुढे जाणत्या क्यूरेटरच्या हाताखाली ठेवावे. आणि तो परतल्यावर त्याला शिक्षकाइतका पगार द्यावा.