तुलनेचे छोटे इंग्रजी शब्द

इंग्रजींत अहवाल किंवा निबंध लिहितांना आपलें लक्ष बहुधा भारदस्त शब्दांकडे असतें. परंतु दोन गोष्टींची तुलना करावयाची झाली, कीं सारा भार येऊन पडतो तो अगदीं छोट्या शब्दांवर. त्यांतील कांहीं परिमाण सांगतात, तर कांहीं दोन विधानांचें नातें सांगतात. हे चुकले, तर आंकडे खरे असूनहि विधान दिशाभूल करणारें ठरतें.

उदाहरण घेऊं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें बिहारांत ११.३ टक्के, महाराष्ट्रांत ४५.२ टक्के आणि गोव्यांत ६२.२ टक्के लोक शहरांत राहत होते. बिहार व महाराष्ट्र ह्या दोहोंविषयीं ‘मोस्ट’ लोक खेड्यांत राहत होते, असें लिहिलें तर गणिताच्या दृष्टीनें चूक नाहीं. पण दोन राज्यांतील अंतरच पुसून जातें. बिहारला ‘द व्हास्ट मेजॉरिटी’ शोभेल. महाराष्ट्राला ‘जस्ट ओव्हर हाफ’, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, एवढेंच म्हणावें.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ ह्यांतील भेद तर एका अक्षराचा. ‘अ फ्यू’ म्हणजे कांहीं आहेत. ‘फ्यू’ म्हणजे थोडेच आहेत. मराठींत जें काम ‘च’ करतो, तें इंग्रजींत ‘अ’ गाळल्यानें होतें. एखाद्या उमेदवाराच्या शिफारसपत्रांत त्याच्या ठिकाणीं ‘फ्यू’ दोष आहेत असें लिहिलें, तर ती स्तुति झाली. ‘अ फ्यू’ लिहिलें, तर तो इशारा झाला. एका अक्षरावर कोणाची नोकरी अडावी, हें कांहीं बरें नव्हे!

आपला ‘कमी’ हा शब्द माणसांनाहि चालतो आणि पाण्यालाहि. इंग्रजींत मोजतां येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजतां येणाऱ्यांना ‘लेस’, असा शिष्ट लेखनाचा संकेत आहे.

आतां जोडणारे शब्द. मराठींत ‘जरी’ आला, कीं त्याच्या पाठोपाठ ‘तरी’ येतोच. ह्या संवयीनें आपण ‘ऑल्दो’च्या मागून ‘बट’ आणतों. इंग्रजीला ही जोडी खपत नाहीं. तेथें एकट्या ‘ऑल्दो’नें भागतें. शिवाय ‘ऑल्दो’मध्यें अपेक्षाभंग असतो. बिहार आणि गोवा ह्यांचे आंकडे नुसते शेजारीं ठेवावयाचे असतील, तर तेथें ‘व्हेअरॅज’ हवा.

सर्वांत फसवा आपला ‘उलट’. बिहारांत शहरी लोक थोडे, उलट गोव्यांत पुष्कळ, असें आपण सहज म्हणतों. येथें ‘ऑन द कॉन्ट्ररी’ लिहूं नये. कारण तो आधींचें म्हणणें खोडून काढतो. बिहारांत शहरी लोक बहुसंख्य नव्हते. ‘ऑन द कॉन्ट्ररी’, दहांपैकीं जवळजवळ नऊ लोक खेड्यांत होते, हा त्याचा योग्य उपयोग. दोन खऱ्या गोष्टींतील विरोध दाखवावयास ‘बाय कॉन्ट्रास्ट’ घ्यावा.

म्हणून लिहिण्यापूर्वीं स्वतःला दोन प्रश्न विचारावे: नेमकें किती? आणि ह्या दोन गोष्टी केवळ निराळ्या आहेत, एकमेकींस अनपेक्षित आहेत, कीं एक दुसरीला खोडते आहे? ह्यांचीं उत्तरें मातृभाषेंत स्वच्छ मिळालीं, म्हणजे इंग्रजी शब्द निवडणें फारसें अवघड राहत नाहीं. तराजू कितीहि मोठा असो. काट्याची जागा चुकली, तर तोल चुकणारच.