नोट खरी, पण ओळखीची नाही

गोष्ट २००६ सालची आहे. मी तेव्हा एडिंबराला शिकत होते. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. कराडजवळच्या एका शाखेत पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या. ते आणि आई पहिल्यांदाच परदेशी येत होते. दोन दिवस लंडन बघायचं आणि मग रेल्वेनं माझ्याकडे एडिंबराला जायचं, असा बेत ठरला होता.

विमानतळावर भेट झाल्याबरोबर मी वीस पौंडांच्या पाच नोटा अण्णांच्या पाकिटात ठेवल्या. चहापाण्यासाठी लेकीकडे पैसे मागायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढाच हेतू. नोटा मी आदल्या दिवशी एडिंबरातच यंत्रातून काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉटेलजवळच्या एका छोट्या दुकानात शिरलो. अण्णा म्हणाले, "आजचा चहा माझ्याकडून." तीन चहा, दोन सँडविच. अण्णांनी ऐटीत नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीनं ती उलटसुलट पाहिली, उजेडात धरली आणि आतून मालकाला हाक मारली. मालक आला. त्यानं नोटेकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलंच नाही. "ह्या आम्ही घेत नाही," एवढं म्हणून नोट काउंटरवर ठेवली आणि तो आत गेला.

आमच्या मागे पाच-सहा माणसं रांगेत होती. मी घाईघाईनं माझं कार्ड काढलं. अण्णांचे कान लाल झाले होते. त्यांनी नोट उचलून पाकिटात ठेवली आणि चहाचा कप तसाच हातात धरून ते बाहेर येऊन उभे राहिले. मग हळूच मला विचारलं, "नोट खोटी आहे का गं?"

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या नोटा ओळखल्या, त्याच्यावर हे विचारायची वेळ यावी! आणि ती मी आणली होती. लंडनला जाताना स्कॉटलंडच्या नोटा नेऊ नकोस, असं माझ्या घरमालकीणबाईंनी मला बजावलं होतं. दक्षिणेकडे निघाल्या की त्या स्वतः आधी बँकेत जाऊन नोटा बदलून आणत. मी ते कानाआड केलं होतं.

मी म्हटलं, "नाही अण्णा, नोट खरी आहे. स्कॉटलंडची आहे, म्हणून घेत नाहीत."

"देश एकच ना? पौंडही तोच?"

देश एकच, पौंडही तोच. पण नोटा छापणाऱ्या बँका अनेक. आपल्याकडे नोट म्हटली की रिझर्व्ह बँक. ब्रिटनमध्ये तसं नाही. बँक ऑफ इंग्लंड तर आहेच, पण स्कॉटलंडमध्ये आणखी तीन व्यापारी बँकांच्या नोटा चालतात : बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. उत्तर आयर्लंडमधल्या बँकांच्या नोटा पुन्हा वेगळ्या. बँक ऑफ इंग्लंडची स्थापना १६९४ सालची, तर बँक ऑफ स्कॉटलंडची १६९५ची. म्हणजे ही काल-परवाची हौस नव्हे, तीनशे वर्षांची परंपरा आहे.

आणि ती सहज टिकलेली नाही. १८२५ मध्ये ब्रिटनमध्ये अनेक बँका बुडाल्या, तेव्हा पाच पौंडांपेक्षा लहान नोटा बंद करायचं लंडनच्या सरकारनं ठरवलं. स्कॉटलंडचा रोजचा व्यवहार तर एक पौंडाच्या नोटेवर चाले. त्या वेळी प्रसिद्ध कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी टोपणनावानं एडिंबराच्या एका वृत्तपत्रात तीन पत्रं लिहिली. १८२६ साल होतं. स्कॉट स्वतः त्याच वर्षी कर्जात बुडालेले होते. पण त्या पत्रांनी एवढं रान उठवलं की स्कॉटलंडपुरता तो बेत सरकारला सोडून द्यावा लागला. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटांवर आज स्कॉट यांचं चित्र असतं. अण्णांच्या हातातली नोट त्यांचीच होती. काउंटरवरच्या मुलीला नोटेवर राणी दिसायची सवय, आणि इथे हा कोण अनोळखी गृहस्थ!

तिसऱ्या दिवशी आम्ही एडिंबराच्या गाडीत बसलो. साडेचार तासांचा प्रवास. अण्णांनी चष्मा लावला, ती नोट काढली आणि अक्षर न् अक्षर वाचलं. "हे बघ," ते म्हणाले, "धारकाने मागितल्यास वीस पौंड स्टर्लिंग देण्याचं वचन आहे. खाली सही आहे. आपल्या नोटेवर तरी याहून वेगळं काय असतं?"

एडिंबराला उतरल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत अण्णांनी मुद्दाम तीच नोट दिली. तिथल्या बाईंनी ती बघितलीसुद्धा नाही. गल्ल्यात टाकली आणि सुटे दिले. अण्णा मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आता यातली खरी गंमत सांगते. 'विधिग्राह्य चलन' हा शब्द आपण ऐकलेला असतो. कर्ज फेडताना ते पुढे केलं, तर सावकाराला पैसे मिळाले नाहीत म्हणून दावा लावता येत नाही, एवढाच तिथे त्याचा मर्यादित अर्थ. आणि स्कॉटिश नोटा विधिग्राह्य नाहीत. इंग्लंडमध्ये नाहीत आणि खुद्द स्कॉटलंडमध्येही नाहीत! बँक ऑफ इंग्लंडच्या नोटाही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्येच विधिग्राह्य आहेत. स्कॉटलंडमध्ये तो मान फक्त सरकारी टांकसाळीच्या नाण्यांना. शिवाय दुकानदारानं काय घ्यावं आणि काय नाकारावं, हे तिथे त्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मग या नोटांच्या मागे काय आहे? भक्कम तारण आहे. संसदेनं या बँकांना नोटा काढायचा अधिकार दिलेला आहे, आणि २००९ च्या कायद्यानं लोकांच्या हातातल्या नोटांइतकं तारण कायम ठेवायचं बंधन घातलं आहे. या तारणासाठी बँक ऑफ इंग्लंड खास नोटा छापते. एक दहा लाख पौंडांची, तिला म्हणतात 'जायंट'. दुसरी दहा कोटी पौंडांची, 'टायटन'. त्या बँकेबाहेर पडत नाहीत. इंग्लंडमधल्या दुकानांत या नोटांची अडवणूक थांबावी म्हणून एका स्कॉटिश खासदारानं २००८-०९ च्या अधिवेशनात संसदेत विधेयकही मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

एवढं सगळं असूनही चहाच्या दुकानात नोट अडते, कारण काउंटरवरचं माणूस तिला ओळखत नाही. मी त्या मुलीवर रागावले होते. अण्णा नव्हते. ते म्हणाले, "नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून शंभराची एक खोटी नोट घेतली गेली. पगारातून भरली मी. त्या पोरीला कसं माहीत असणार? मीसुद्धा नोट घेतली नसती." थोडं थांबून म्हणाले, "पण समोरच्या माणसाकडे बघून सांगितलं असतं, की बाबा, ही नोट मला ओळखता येत नाही."

पुढे काही वर्षांनी आपल्याकडेच दहा रुपयांच्या नाण्याचं तेच झालं. रुपयाचं नवं चिन्ह असलेलं नाणं खरं आणि नसलेलं खोटं, अशी आवई उठली. ठिकठिकाणी दुकानदार नाणी घेईनात. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की चौदाही नमुन्यांची नाणी वैध आहेत. म्हणजे बघा, कायद्यानं विधिग्राह्य नसलेली नोट स्कॉटलंडभर बिनतक्रार चालते, आणि कायद्यानं विधिग्राह्य असलेलं नाणं आपल्या बाजारात अडतं. त्या दिवसांत आमच्या मंडईतल्या भाजीवाल्या मावशींकडे अशी नाणी साठून राहिली होती. पुढचा दुकानदार त्यांच्याकडून ती घेत नव्हता. अण्णा रोज दहा-दहाच्या नोटा घेऊन जात आणि मावशींची नाणी बदलून आणत. बँकेत भरायला मग स्वतः रांगेत उभे राहत.

ज्यांची मुलं-नातवंडं स्कॉटलंडला आहेत, त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. परतताना उरलेल्या नोटा तिथल्या बँकेतच बदलून बँक ऑफ इंग्लंडच्या करून घ्या. आम्ही तशाच आणल्या, आणि मुंबईत परकीय चलन बदलणाऱ्यानं मान हलवली. हल्ली सगळीकडे कार्ड चालतं, त्यामुळे असे प्रसंग कमी झाले आहेत. पण संपलेले नाहीत.

त्या परत आलेल्या नोटांपैकी एक अण्णांनी आपल्या जुन्या पासबुकात ठेवली आहे. आता तिथे प्लास्टिकच्या नोटा आल्या. वीस पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या. मी अण्णांना म्हटलं, आता तर ही स्कॉटलंडच्या दुकानातही चालायची नाही. अण्णा म्हणाले, "राहू दे. मी ओळखतो तिला."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)